लूट : एका शब्दाचा उलटा प्रवास

इंग्रजीने भारतीय भाषांकडून जे शब्द घेतले, त्यांत ‘लूट’ हा शब्द विशेष बोलका आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी सरकारच्या फौजांच्या बोलण्यातून तो त्या भाषेत शिरला आणि १८८६ साली यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याला जागा मिळाली. आज तोच शब्द मोबाइलवरील खेळांची परिभाषा होऊन आपल्याकडे परत आला आहे. राक्षस मारावा, त्याच्या प्रेतातून तलवार, चिलखत किंवा रत्न पडावे आणि खेळणाऱ्याने ते उचलावे, याला त्या परिभाषेत ‘लूट’ म्हणतात. मात्र या प्रवासात लुटणारा कोण आणि लुटला जाणारा कोण, याचे उत्तर हळूहळू बदलत गेले. त्या बदलाचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

खऱ्या इतिहासातली लूटही सर्वस्वी अनिर्बंध नसे. स्वारीहून परतलेल्या फौजेचा झाडा घेऊन आणलेली वस्त सरकारजमा करण्याची शिस्त सभासदाच्या बखरीत वर्णिलेली आहे. इंग्रजांकडे हुद्द्याप्रमाणे वाटणी होत असे, आणि १८१७-१८ च्या युद्धात दख्खनमध्ये हाती लागलेल्या द्रव्यात कोणत्या सैन्याचा किती वाटा, हा वाद लंडनमध्ये कित्येक वर्षे चालला. नीतीच्या दृष्टीने या व्यवहारांचे मूल्यमापन वेगळे करावे लागेल. पण लुटीचा हिशेब कोणाला तरी द्यावा लागे, एवढे त्यांतून दिसते.

खेळातल्या लुटीचा आरंभ कागदावर झाला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात कोणत्या प्राण्याजवळ कोणते धन सापडेल हे फासे टाकून आणि कोष्टके पाहून ठरे. १९८० च्या सुमारास ‘रोग’ या संगणकीय खेळाने फासे टाकण्याचे काम यंत्राकडे सोपवले. दर वेळी नवे भुयार, नव्या जागी ठेवलेल्या वस्तू. या परंपरेतूनच १९९६ च्या अखेरीस ‘डायब्लो’ अवतरला. त्याने भुयारातल्या शोधाला वेग दिला : माउसची एक टिचकी, एक घाव, आणि जमिनीवर खणखणत पडणारी वस्तू. २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात वस्तूंच्या नावांचे रंग हीच एक लिपी होऊन बसली. निळे नाव साधारण जादूचे, पिवळे दुर्मिळ, सोनेरी अद्वितीय. सोनेरी अक्षरे दिसण्याच्या आशेने लोक एकाच राक्षसाला शेकडो वेळा मारीत.

या ओढीचे स्वरूप मानसशास्त्राला आधीच परिचित होते. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले होते की, बक्षीस ठरावीक प्रयत्नांनंतर न देता अनिश्चित प्रयत्नांनंतर दिले, तर प्राणी अधिक चिकाटीने कळ दाबत राहतो. तरीही त्या काळच्या ‘डायब्लो’त एक मर्यादा होती. खेळ एकदा विकत घेतला की व्यवहार संपे. सोनेरी तलवार न मिळण्यात विक्रेत्याचा थेट लाभ नव्हता. खेळणारा खर्च करी तो वेळ, आणि तो वेळ दुसऱ्या कोणाच्या तिजोरीत जमा होत नसे.

ही मर्यादा ओलांडण्याचा एक प्रयोग २०१२ साली झाला. ‘डायब्लो ३’मध्ये खेळणाऱ्यांना आपसांत खऱ्या पैशांनी वस्तू विकता येतील असे लिलावघर उघडले गेले आणि प्रत्येक सौद्यात कंपनीने आपला वाटा ठेवला. परिणाम विचित्र झाला : उत्तम शस्त्र बाजारातच मिळू लागल्यावर राक्षस मारण्याचे प्रयोजन उरेना. लिलावघरामुळे खेळाचा गाभाच पोखरला जातो अशी कबुली देऊन कंपनीने ते मार्च २०१४ मध्ये बंद केले. वस्तू सरळ विकली तर लुटीतला आनंद मरतो, हा त्यातला धडा. मग आनंद जिवंत ठेवून पैसा कसा मिळवायचा?

याचे उत्तर जपानमध्ये तयार होते. तिथल्या दुकानांबाहेर नाणे टाकून दांडा फिरवला की बंद गोळ्यातून खेळणे देणारी यंत्रे असत. कोणते खेळणे, हे नशिबावर. २००४ साली ‘मेपलस्टोरी’ या खेळाच्या जपानी आवृत्तीत हीच कल्पना पडद्यावर आली. इथे वस्तू विकली जात नाही, तर वस्तू मिळण्याची शक्यता विकली जाते. पुढे ठरावीक वस्तूंचा संच पुरा केल्यावरच मोठे बक्षीस देणारी योजना इतकी फोफावली की २०१२ साली जपानच्या ग्राहक व्यवहार विभागाने ती बेकायदा ठरवली. दरम्यान २००९ साली ॲपलने मोफत ॲपच्या आतही खरेदीची मुभा दिली होती. प्रवेश फुकट आणि वसुली आत, ही रचना त्यामुळे सर्वत्र शक्य झाली.

२ जून २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘डायब्लो इम्मॉर्टल’मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. ब्लिझार्ड आणि चीनची नेटईझ यांनी मिळून केलेला हा खेळ फुकट आहे, देखणा आहे, आणि आरंभीचे अनेक तास काही मागत नाही. राक्षस पडतात, वस्तू खणखणतात. पण शक्तीची पुढची पायरी ज्या दिव्य रत्नांवर अवलंबून आहे, ती रत्ने मिळवण्याचा हुकमी मार्ग एका वेगळ्या गुहेतून जातो. तिच्या दाराशी मुद्रा वाहाव्या लागतात. साध्या मुद्रा फुकट, पण त्यांच्या पोटी फक्त आशा. मोठ्या मुद्रा मोजक्याच फुकट, बाकीच्या विकत. त्याही थेट रुपयाडॉलरांत नव्हेत : आधी पैशांनी मण्यांसारखे चलन घ्यायचे, मग त्याने मुद्रा. पाच ताऱ्यांचे म्हणून हाती आलेले रत्नही आतून दोन ताऱ्यांच्याच गुणवत्तेचे निघू शकते, आणि ते वाढवायला त्याच जातीची आणखी रत्ने लागतात. एखादी गुहा प्रथमच जिंकली की त्या विजयाच्या नावाने सवलतीचा संच विक्रीस येतो. विजयाचा क्षण हाच इथे दुकान उघडण्याचा मुहूर्त.

कायदा या रचनेपुढे काहीसा गोंधळला. चीनने २०१७ पासून शक्यतांचे आकडे जाहीर करणे सक्तीचे केले. बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ साली पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. नेदरलँड्सनेही कठोर भूमिका घेतली, परंतु तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये एका फुटबॉलच्या खेळासंबंधीचा दंड रद्द केला. ‘इम्मॉर्टल’ या दोन्ही देशांत प्रसिद्धच झाला नाही. मूळ प्रश्न असा की, जिंकलेली वस्तू विकून पैसे मिळत नसतील तर त्याला जुगार म्हणावे काय? ज्या खेळात फक्त हरताच येते, तो जुगाराच्या जुन्या व्याख्येतून निसटतो.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त आठवल्यावाचून राहणार नाही. त्यातला जुगारी घर उद्ध्वस्त झालेले पाहतो, पुन्हा न खेळण्याचा निश्चय करतो, आणि फाशांचा आवाज येताच सभेकडे ओढला जातो. ही ओढ आपल्याला परकी नाही. पण वैदिक सभेत फासे सर्वांसमोर पडत, आणि हरलेले धन कोणाकडे गेले हे दिसे. महाभारताच्या द्यूतातही शकुनी समोर बसलेला होता. कपट होते, तरी कपटाला चेहरा होता. मोबाइलच्या पडद्यापुढे माणूस एकटाच असतो. समोर फक्त राक्षस दिसतो, आणि तो बिचारा दर वेळी हरतो. ज्याच्याशी खरा डाव चालू आहे तो पडद्यावर कधीच येत नाही.

म्हणूनच ‘लूट’ हा शब्द या खेळांत कोणाच्या तोंडी आहे, हे तपासणे भाषेच्या विद्यार्थ्याचेही काम ठरते. जुन्या लुटीत ज्याचे गेले त्याला ते गेल्याचे कळत होते. इथे ज्याचे जाते त्यालाच लुटारूची पदवी दिली जाते, आणि तो ती अभिमानाने मिरवतो. वर त्याचा झाडा घेणारेही कोणी नाही, हिशेब मागणारेही नाही. तो हिशेब निदान त्याने स्वतः मांडावा, यासाठी शब्दाचा मूळ अर्थ त्याला परत मिळाला पाहिजे.