मंत्रालयाच्या वाटेवरचा पक्ष

नवी मुंबईतल्या राष्ट्रवादी काँग्रेसचा इतिहास बहुधा एका घराण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. गणेश नाईक आले तेव्हा पक्ष वाढला, गेले तेव्हा ओसरला, असा त्याचा सारांश. तो चूक नाही, पण अपुरा आहे. 1999 मध्ये नाईकांनी शिवसेना सोडली आणि त्याच वर्षी बेलापूरमध्ये सेनेच्या सीताराम भोईरांनी त्यांना हरवले. घराणे, गाव, कामगार संघटना, सगळे हाताशी होते. तरी ते पडले. 2004 मध्ये हेच नाईक राष्ट्रवादीचे उमेदवार म्हणून निवडून आले. म्हणजे पक्षानेही त्यांना काही दिले असले पाहिजे. ते काय होते, हे पाहिले की मध्यममार्गी पक्ष या शहरात एवढा का फोफावला आणि एवढ्या लवकर का विरला, याचा उलगडा होतो.

हे शहर सरकारने जमीन घेऊन वसवले. मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी आखल्या गेल्या. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्याचे नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटलांकडे होते, पण घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा शासन निर्णय 1990 मध्ये निघाला तेव्हा मुख्यमंत्रीपदी शरद पवार होते. आगरी-कोळी गावांनी यातून व्यवहारी धडा घेतला: लढा रस्त्यावर होतो, निकाल मंत्रालयात लागतो. गावकऱ्यांनी गरजेपोटी परवानगीशिवाय बांधलेल्या घरांचा प्रश्नही पुढे त्याच दाराशी गेला. दुसरीकडे मुंबईतले घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले, त्यांच्यामागे सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावले. त्यांच्या गावाकडे साखर कारखाना, जिल्हा बँक आणि पवारांचे राजकारण रुळलेले होते. शशिकांत शिंदे यांच्यासारख्या नेत्यांनी माथाडी संघटना आणि साताऱ्याची आमदारकी एकाच वेळी सांभाळली. 10 जून 1999 रोजी स्थापन झालेल्या पक्षाला नवी मुंबईत असे दोन आयते आधार मिळाले.

या दोन आधारांवर जी इमारत उभी राहिली, ती देवाणघेवाणीची होती. नाईकांकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातली श्रमिक सेना आणि गावोगावचे कार्यकर्ते होते. पक्षाकडे राज्यातली सत्ता होती. आघाडी सरकारात नाईक मंत्री झाले, ठाण्याचे पालकमंत्री झाले. 2009 मध्ये मुलगा संजीव खासदार, दुसरा मुलगा संदीप ऐरोलीचा आमदार झाला. पालिकेनेही काम दाखवले: मोरबेसारखे धरण स्वतःच्या मालकीचे असणे ही थोड्याच महापालिकांची मिरास आहे. पण उदारमतवादी म्हणावा असा विचार, म्हणजे पवारांच्या 1994 च्या महिला धोरणामागे होता तसा, वॉर्डातल्या सभासदापर्यंत नेण्याचे काम या व्यवहारात कुणाच्याच वाट्याला आले नाही.

म्हणूनच 2014 निर्णायक ठरले. राज्यातली सत्ता गेली, आणि बेलापूरमध्ये पूर्वी राष्ट्रवादीतच असलेल्या मंदा म्हात्रे यांनी भाजपच्या तिकिटावर नाईकांना सुमारे दीड हजार मतांनी हरवले. 2015 च्या पालिका निवडणुकीत राष्ट्रवादीने 111 पैकी 52 जागा जिंकल्या आणि काँग्रेसच्या साथीने महापौरपद राखले. पण मंत्रालयाचे दार बंदच होते. सप्टेंबर 2019 मध्ये नाईक भाजपमध्ये गेले आणि बहुसंख्य नगरसेवकही. पवारांचा पक्ष 2023 मध्ये राज्यात फुटला; नवी मुंबईत तो चार वर्षे आधीच फुटला होता.

यावर रास्त आक्षेप असा की सत्तेमागे धावणे हा सगळ्याच पक्षांचा स्वभाव आहे आणि विचाराचे पक्षही टिकत नाहीत, दि. बा. पाटीलसुद्धा अखेर शिवसेनेत गेले. हे खरे, पण शेजारच्या पनवेलकडे पाहा. रामशेठ ठाकूरांसारखे बडे नेते शेतकरी कामगार पक्षातून बाहेर पडले, राज्यातली सत्ता या पक्षापासून केव्हाच दूर गेली होती, तरी 2017 मध्ये पनवेल महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत त्याचे 78 पैकी 23 नगरसेवक आले. हरलेला पक्ष आणि विरलेला पक्ष यांत फरक असतो, तो या आकड्यात दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. 2024 मध्ये संदीप नाईक भाजप सोडून शरद पवारांच्या पक्षाकडून बेलापुरात लढले आणि अवघ्या 377 मतांनी हरले. मग या पक्षाला मतदार नाही असे कसे म्हणायचे? मतदार आहे, यात शंका नाही. पण त्याच निवडणुकीत वडील ऐरोलीतून भाजपचे उमेदवार होते. त्यामुळे बेलापूरची मते पक्षाच्या तुतारी चिन्हाची किती आणि घराण्याची किती, हे मतपेटीतून वेगळे काढता येत नाही. आणि ते काढता येत नाही, हाच या वीस-पंचवीस वर्षांचा निष्कर्ष आहे. मधल्या मार्गाला या शहरात गिऱ्हाईक नव्हते असे नाही. पक्षाने त्यांना कधी सभासद करून घेतले नाही, लाभार्थीच ठेवले. आणि लाभार्थी सत्तेच्या मागे जातो, तेव्हा तो पक्षाशी बेइमानी करत नाही; पक्षानेच शिकवलेला व्यवहार पाळतो.