वाफेवरची चकती

स्वेटर पुरणार नाही, जाड कोट घाला. कानटोपी असेल तर तीही चढवा. आपण निघालोय मोरावियात, ओलोमौत्स नावाच्या शहरात. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे, पण तुम्ही उतराल तेव्हा तिथे ऑस्ट्रियाच्या बादशहाचा अंमल असेल. ते राजकारण राहू द्या. दिवस तेवढा ध्यानात ठेवा: ७ डिसेंबर १९०५.

त्याआधी मात्र वाटेत एका खेड्यावर थांबायचंय, वर्षभर मागे. शेणाचा, ओल्या गवताचा वास येतोय ना? तो तुम्हाला अनोळखी नाही. अंगणात एक शेतमजूर कळीचा चुना विझवतोय. चाळिशी ओलांडलेला, हाताला घट्टे पडलेले. या, पण दोन पावलं लांबच उभे राहा. चुन्याचे पांढरे खडे पाण्यात पडले की क्षणभर काहीच होत नाही. मग तडतड सुरू होते, खडे फुटतात, पाणी खदखदायला लागतं. विस्तव कुठेच नाही आणि तोंडावर मात्र भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी धग. वाफ घशात शिरते, खवखवते. मजूर वाकून काठीने ढवळतो. हे काम त्याने आजवर किती वेळा केलं असेल!

आणि चुना उसळतो. थेट त्याच्या दोन्ही डोळ्यांत.

तो ओरडतो तेव्हा तुमच्याही पापण्या आपोआप मिटतील. त्याच्याही मिटल्या, आणि घात तिथेच झाला. डोळा वाचवायला मिटलेली पापणीच चुन्याला आत कोंडून धरते. कण पापणीच्या आतल्या बाजूला चिकटतात, विरघळत राहतात, जाळत राहतात. आम्ल डोळ्यात गेलं तर वरचा थर गोठतो आणि पुढे जायची वाट बरीचशी अडते. चुन्याला तसा अडसर नाही. तो पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांचाच साबण करतो आणि आत आत मुरत जातो. अशा वेळी एकच गोष्ट कामाची असते: पाणी, भरपूर पाणी, त्याच क्षणी, आणि पापणी उलटून आतला कण न् कण काढणं. अंगणात मात्र पळापळ चाललीय. कोणी हात धरतंय, कोणी फडकं दाबतंय.

महिने गेले. जखम भरली, पण दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. त्याला काय दिसतं हे बघायचं असेल तर डोळे मिटा आणि तोंड खिडकीकडे करा. उजेड कुठून येतोय ते कळतं. समोरून कोणी हात हलवला तर सावली सरकते. चेहरा दिसत नाही, पायाखालचा दगड दिसत नाही, पेल्यात पाणी कुठवर भरलंय तेही नाही. हातावर पोट असलेल्या माणसाचं असं झाल्यावर घराचं काय होत असेल, ते तुम्हीच ताडा.

चला आता शहरात. विजेची ट्राम घंटा वाजवत आलीय, चढा. इथे ती सुरू होऊन सहाच वर्षं झालीत. आत ओल्या लोकरीचा, पाइपातल्या तंबाखूचा आणि कोळशाच्या धुराचा वास कोंदलाय. शेजारच्या बाई मांडीवर टोपली घेऊन बसल्यात. टोपलीत त्वारूश्की आहे, या भागातलं नावाजलेलं चीज. नाक मुरडू नका, लोक ते फार आवडीने खातात. एका कानाला जर्मन ऐकू येतं, दुसऱ्याला चेक. शहराची बोली आणि खेड्याची बोली एकाच बाकावर बसलीय. मोठ्या चौकात पस्तीस मीटर उंचीचा दगडी स्तंभ दिसेल. नगरभवनाच्या भिंतीवरच्या खगोलीय घड्याळाखाली माणसं थांबून वर बघतात. तुम्हीही बघा, आणि मनात एवढंच येऊ द्या की खेड्यातून आलेल्या आपल्या मजुराला इथून कोणीतरी हाताला धरून नेलं असेल.

रुग्णालयाचा डोळ्यांचा विभाग. प्रतीक्षेच्या खोलीत बाकं खच्चून भरलीत. खुपऱ्यांनी पापण्या जाड झालेले, पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासत असलेले, एखाद्याचा डोळा खोबणीतून पुढे आलेला. पोरं रडताहेत, दारातून थंड झोत येतोय, कोणीतरी कांदा खाऊन आलंय. पापणीचा डॉक्टर वेगळा, बुबुळाचा वेगळा, खोबणीचा आणखी वेगळा, अशी वाटणी इथे नाही. सगळ्याला डॉक्टर एकच: एडुआर्ड त्सिर्म. वय बेचाळीस. व्हिएन्नात जन्मलेला हा माणूस १८९२पासून हा विभाग सांभाळतोय.

आज त्याच्यापुढे दोन रोगी आहेत आणि दोघांची गाठ निव्वळ योगायोगाने पडलीय. एक आपला मजूर. दुसरा अकरा वर्षांचा मुलगा. त्याच्या डोळ्यात लोखंडाची कपची घुसली होती. डॉक्टरने ती काढायचा, डोळा वाचवायचा प्रयत्न केला, पण डोळा आतून गेला. तो काढावाच लागणार. मात्र पुढचा पारदर्शक पडदा, पारपटल, अजून शाबूत आहे. तेच मजुराच्या डोळ्यांवर बसवायचं डॉक्टरने ठरवलंय.

इथे मला क्षणभर त्या पोराजवळ थांबावंसं वाटतं. या शस्त्रक्रियेबद्दल बोलताना सगळे डॉक्टरकडे बघतात, फार तर मजुराकडे. मुलगा वाक्याच्या शेवटी येतो आणि जातो. बाहेरच्या पोरांसारखाच तोही घाबरलेला असणार. तुमचा हात मोकळा असेल तर त्याच्या कपाळावर ठेवा.

डॉक्टरच्या डोक्यात जे चाललंय, ते त्याच्या आधी ऐंशी वर्षं लोक करून बघत होते. न्यूयॉर्कमध्ये १८३८ साली रिचर्ड किसम या डॉक्टरने डुकराचं पारपटल माणसाच्या डोळ्यावर बसवलं. भूल देण्याचं औषध तेव्हा नव्हतंच, विचार करा. थोड्याच काळात ते पांढरं पडलं. कोणी सशाचं लावून पाहिलं. इजिप्तमध्ये बंदिवासात असलेल्या सॅम्युएल बिगर नावाच्या आयरिश डॉक्टरने एका हरणाच्या डोळ्यावर दुसऱ्या हरणाचं पारपटल लावलं होतं. माणसात मात्र पूर्ण जाडीचं पारपटल टिकलं आणि स्वच्छ राहिलं, असं अजून घडलेलं नव्हतं.

हात धुतलेत? चांगले, कोपरापर्यंत धुवा. आता तुम्हाला कामाला लावलं जाणार आहे.

शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरल्याबरोबर क्लोरोफॉर्मचा गोडसर, जड वास नाकात बसतो. बेताने श्वास घ्या, नाहीतर मजुराआधी तुम्हीच आडवे व्हाल. मजुराला गाढ भूल दिलीय. डॉक्टरने कार्बोलिकसारखी जंतुनाशकं लांब ठेवलीत, कारण ती जंतूंबरोबर नाजूक पेशीही मारतात. सगळी भिस्त उकळून घेतलेल्या वस्तूंवर आणि मिठाच्या निर्जंतुक पाण्यावर. परिचारिका तुमच्या हातात त्या पाण्यात भिजवलेल्या गॉझचे दोन तुकडे देते. मोदकपात्रातून येते तशी मऊ वाफ खालून येतेय. गॉझ त्या वाफेवर धरायचा. कोरडा पडू द्यायचा नाही, गार होऊ द्यायचा नाही, पोळू द्यायचा नाही.

मुलाच्या काढलेल्या डोळ्यावर डॉक्टर एक छोटं यंत्र टेकवतो. किल्ली देऊन चालणारं गोल पात्याचं ते ट्रेफाइन जर्मनीतल्या आर्टुर फोन हिपेल यांनी बनवलंय. कळ दाबली की घरघर असा बारीक आवाज येतो आणि पातं फिरतं. निघते ती पाच मिलिमीटरची चकती, शर्टाच्या बटणाहून लहान. एकाच पारपटलातून दोन चकत्या निघतात, मजुराच्या दोन डोळ्यांसाठी. चिमटीत जपून उचललेली चकती तुमच्या गॉझवर येते, वरून दुसरा तुकडा पडतो. तुमचा हात कापतोय. साहजिक आहे. पण धरून ठेवा.

मग त्याच यंत्राने मजुराच्या पांढऱ्या पडलेल्या पारपटलाच्या मध्यावर तेवढंच भोक. आता समोर उघडा डोळा आहे, झाकण काढलेला. खोलीत कोणी बोलत नाही. सूक्ष्मदर्शक नाही, केसाहून बारीक टाके नाहीत. चकती भोकावर ठेवतात आणि शिवत नाहीत. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जो पातळ पापुद्रा असतो, त्याचा आधार घेऊन वरून आडवा बंध घालतात आणि चकती जागच्या जागी दाबून ठेवतात. एका डोळ्याला, मग दुसऱ्याला. पट्ट्या बांधल्या जातात. तुमची मान आखडलीय, बोटं वाफेने सुरकुतलीत.

आता वाट बघायची. मजूर उताणा पडून आहे. खोकला आला तरी जपायचं, शिंक आली तरी जपायचं. अँटिबायोटिक नाही, स्टेरॉइड नाही. उजव्या डोळ्याने दगा दिला, तिथली चकती टिकली नाही. डावी मात्र धरली आणि स्वच्छ राहिली. या डोळ्याने तो पुन्हा चालू फिरू लागला आणि काही महिन्यांनी आपल्या कामावर परतला. त्सिर्मने १९०६मध्ये हे सगळं जर्मन नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात लिहून काढलं: काय केलं, कशाने केलं, आणि एक डोळा कसा हातचा गेला तेही.

माझ्या मते या दिवसाचं मोठेपण सुरीत नाही, त्या वाफेवरच्या गॉझमध्ये आहे. जनावराचं पारपटल घेऊ नये, माणसाचंच, तरुण आणि निरोगी डोळ्यातलं घ्यावं; ते ओलं, कोमट आणि औषधांपासून दूर ठेवावं; वेळ दवडू नये. असे साधे नियम त्याने पाळले आणि कागदावर उतरवले, म्हणून पुढच्यांना वाट सापडली. नशिबाचा वाटाही होताच. चुन्याने जळलेल्या डोळ्यात कलम टिकवणं आजही अवघड समजतात, कारण तिथे नव्या रक्तवाहिन्या घुसतात आणि शरीर परक्या पेशींना ओळखतं. त्याने नेमका तसाच डोळा हाती घेतला होता. पुढे १९३०च्या दशकात ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव यांनी मृत व्यक्तीचं पारपटल वापरण्याची पद्धत रुळवली आणि जिवंत मुलाचा डोळा निकामी होण्याची वाट बघायची गरज उरली नाही.

कोट काढा, आपण परत आलो. ज्या चुन्याने त्या मजुराचे डोळे घेतले, तो तुमच्या घरात असू शकतो, पान-तंबाखूच्या पुडीत नाहीतर प्लॅस्टिकच्या नळीत. लहान मूल ती नळी दाबतं, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. असे जळलेले डोळे आपल्याकडच्या नेत्ररुग्णालयांत आजही येतात. तेव्हा चुना पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. डोळ्यात गेलाच, तर तूप नाही, दूध नाही, फडकं नाही. पापणी उघडी धरून डोळा वाहत्या पाण्याखाली निदान अर्धा तास धुवा, आणि मग तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि त्या मुलासारखंच कोणाचं पारपटल दुसऱ्याच्या कामी यावं असं वाटत असेल, तर घरात कोणी वारल्यावर लगेच नेत्रपेढीला फोन करा; ते सहा तासांच्या आत काढावं लागतं. चष्मा होता, मोतीबिंदू काढला होता, तरी पारपटल चालतं.