रात्रीचा चोर आणि दंडसंहिता

घरात शिरलेल्या चोराला ठार मारलं, तर तो खून ठरतो का? रोमच्या बारा फलकांच्या कायद्यात याचं उत्तर होतं. रात्रीचा चोर मारला तर गुन्हा नाही. दिवसा मात्र त्याने शस्त्र चालवलं तरच. अंधारात आलेला नुसता चोर की मारेकरी, हे घरधन्याला कसं कळणार?

हाच भेद १८६० च्या भारतीय दंडसंहितेत, कलम १०३ मध्ये, ‘रात्रीची घरफोडी’ म्हणून आला. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ च्या मसुद्यासोबत लिहिलं होतं की, इथले लोक दरोडेखोरांपुढे फार निमूटपणे मान तुकवतात. म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क फार आवळू नये. आणि गंमत पाहा, १८७८ मध्ये इंग्रज सरकारनेच हत्यारांवर परवाना बसवला. हक्क कागदावर, बंदूक कचेरीत!

पण हक्कालाही कुंपण होतं. साध्या चोरीत जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती हवी. कलम ९९ प्रमाणे गरजेपेक्षा जास्त इजा नको. घरफोड्या घराबाहेर पडला, की घरफोडीपुरता हा हक्क संपला.

२०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ‘रात्री’ऐवजी ‘सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी’ असं आलं. शब्द बदलले, पण कायदा आजही आधी विचारतो तो भीतीबद्दल. चोरीच्या मालाची किंमत त्याच्या हिशेबात नाही.