चाकरीतला फुटबॉलपटू

कारखान्याच्या गावात फुटबॉलचा विषय निघाला की त्याच्या पाठोपाठ नोकरीचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. पाळी संपवून मैदानावर उतरणारे खेळाडू मी भिलाईत पुष्कळ पाहिले आहेत. एखाद्याने डाव्या बगलेतून चेंडू सुरेख काढला, तर शेजारचा प्रेक्षक सहज विचारतो, "हा कोणत्या खात्यात आहे हो?" मिलान किंवा तुरीन येथील प्रेक्षकाला असा प्रश्न सुचणारही नाही.

कारण इटलीत हा हिशेब फार लवकर उलगडला. तुरीनच्या युव्हेंतुस संघाची सूत्रे 1923 मध्ये फियाट मोटारींच्या आन्येल्ली घराण्याकडे गेली. पुढे 1926 च्या व्यारेज्जो सनदेने खेळाडूला खेळासाठी पैसा घेण्याची वाट मोकळी केली. कारखानदाराचा पैसा तिथेही होताच. पण खेळाडूला मेहनताना मिळे तो खेळाचा, हजेरीपटावरच्या नावाचा नव्हे. मिलानचा जुझेप्पे मेआझ्झा अवघ्या सतराव्या वर्षी, 1927 मध्ये, इंतरच्या पहिल्या संघात आला. 1934 आणि 1938 असे दोन विश्वचषक त्याने इटलीसाठी जिंकले. दुसऱ्या वेळी तर तो कर्णधार होता. फुटबॉल हाच त्याचा धंदा, आणि त्या धंद्यात तो नामवंत झाला.

त्याच्या शेजारी आपला कोण उभा करावा? मला नेव्हिल डिसोझा यांचे नाव सुचते. हे मूळचे गोमंतकातले, जन्म 1932 सालचा. म्हणजे गोव्यावर पोर्तुगीज अंमल होता तेव्हाचा. मुंबईत ते टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून आणि नंतर कॅल्टेक्सकडून खेळले. एक उद्योगसमूहाचा संघ, दुसरा तेलकंपनीचा. मुंबईच्या फुटबॉलची ती रीतच होती. अशा संघांतला खेळाडू कागदोपत्री कंपनीचा नोकर असे. कूपरेजवर त्याने कितीही गोल केले तरी पगार कचेरीच्या नावानेच निघे. यात खोटेपणा होता असे मी म्हणणार नाही. ऑलिंपिकचे दार त्या काळी केवळ हौशी खेळाडूंनाच उघडे होते, आणि पोट भरून हौशी राहण्याचा याहून सरळ मार्ग आपल्याकडे नव्हता.

1956 हे वर्ष भिलाईलाही विसरता येण्याजोगे नाही. भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात पोलादाच्या कारखान्याचा करार आदल्या वर्षी झाला होता. पहिली झोतभट्टी पेटायला 1959 उजाडायचे होते. अशात 1 नोव्हेंबर 1956 रोजी प्रांतांची फेररचना झाली. दुर्ग जिल्ह्याची राजधानी काल नागपूर होती, ती आज भोपाळ झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि इकडची मराठी घरे जागची न हलता दुसऱ्या राज्यात जाऊन पडली. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्नच्या मैदानावर भारताचा संघ यजमान ऑस्ट्रेलियापुढे उभा राहिला.

या संघाच्या पाठीशी एक जुनी जखम होती. 1952 मध्ये हेलसिंकीच्या थंडीत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाने त्यांच्यावर दहा गोल चढवले. आपला एकच झाला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मुळात शाळाशिक्षक, यांनी मेलबर्नचा संघ तयार केला. कर्णधार होते समर बॅनर्जी. हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी न खेळताच पार पडली, आणि गाठ पडली ती थेट ऑस्ट्रेलियाशी.

नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, पुन्हा बरोबरी. दोनदा हातची आघाडी गेल्यावर परक्या मैदानावर पाहुणा संघ सहसा खचतो. परंतु मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिल यांनी तिसरा गोल केला, आणि पुढे कृष्णस्वामींनी चौथा. भारत 4, ऑस्ट्रेलिया 2. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे पहिले आशियाई म्हणून नेव्हिल यांचे नाव घेतले जाते. यजमानांना हा निकाल योगायोग वाटला असेल, तर त्याच महिन्यात सिडनीत झालेल्या मैत्रीच्या सामन्याने तो भ्रमही फिटला असावा. तिथे आपण 7-1 असे जिंकलो.

उपांत्य सामन्यात समोर आला तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही, आणि नंतर पहिला गोल भारताचा, म्हणजे पुन्हा नेव्हिल यांचाच! काही क्षण का होईना, चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारा संघ आपल्या मागे होता. अखेर सामना 1-4 असा गेला, आणि कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने 3-0 असा जिंकला. भारत चौथा आला. चार गोल करून नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीला बसले. त्यांच्या जोडीला युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह हे होते.

आणि मग? मग पुन्हा मुंबई, पुन्हा कंपनीचा संघ. 1958 मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला त्यात नेव्हिल होते. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले. ते त्यांच्या वाट्याला कधीच आले नाहीत. ही गोष्ट मला आजही खटकते. धंदेवाईक खेळाडूला पैसा मिळतो म्हणून त्याला कीर्ती कमी द्यावी, असे आपल्याकडे काही सोवळे लोक म्हणत. पण ज्याने पैसा घेतला नाही त्याला तरी आपण काय दिले? 1980 च्या मार्चमध्ये मिलान शहराने सान सिरोच्या क्रीडागाराला मेआझ्झाचे नाव दिले. त्याच महिन्याच्या 17 तारखेला मुंबईत नेव्हिल डिसोझा वारले. वय अवघे सत्तेचाळीस होते.

मेलबर्ननंतर भारत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आणखी एकदाच उतरला, 1960 मध्ये. प्रदीपकुमार बॅनर्जी कर्णधार होते. फ्रान्सशी बरोबरी झाली, हंगेरी आणि पेरू यांच्याकडून हार झाली. नेव्हिल त्या संघात नव्हते. ते सामने झाले इटलीत.