आरंभ, निष्क्रम, पराक्रम : पाली परंपरेतील आळसाची मीमांसा

आळस हा माणसाचा स्वभावदोष आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु आपल्या देशात गावाची सारी कष्टाची कामे ज्यांच्या माथी मारली गेली, त्यांनाच आळशी म्हणून हिणवण्यासाठी तिचा उपयोग झाला. म्हणून आळस म्हणजे काय, तो कशातून उत्पन्न होतो आणि कशाने जातो, हा प्रश्न आपल्या दृष्टीने केवळ नीतीचा नाही; तो इतिहासाचाही आहे. पाली वाङ्मयात या प्रश्नाचा जो सूक्ष्म विचार आढळतो, त्याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भगवान बुद्धांच्या काळी मगध आणि कोसल देशांत अनेक विचारपंथ प्रचलित होते. त्यांपैकी आजीवकांचा आचार्य मक्खलि गोसाल हा नियतिवादी होता. बल नाही, वीर्य नाही, पुरुषप्रयत्न नाही, सर्व प्राणी नियतीच्या अधीन आहेत, असे त्याचे मत दीघनिकायाच्या सामञ्ञफल सुत्तात नमूद आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तर भगवंतांनी तीन मतांची एकत्र झडती घेतली आहे. सर्व सुखदुःख पूर्वकर्माने घडते, सर्व काही ईश्वराने निर्माण केले आहे, आणि सर्व काही विनाकारण घडते, अशी ती तीन मते होत. ही मते परस्परांपासून कितीही भिन्न असली तरी त्यांचा शेवट एकच होतो, असे भगवंतांचे म्हणणे आहे. ती मानणाऱ्यास हे करावे किंवा हे करू नये, अशी इच्छाही उरत नाही आणि प्रयत्नही उरत नाही. म्हणजे आळसाचे एक मूळ शरीरात नसून सिद्धान्तात असते. ज्या समाजाला त्याचे दैन्य हे पूर्वजन्मीचे फळ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, त्या समाजाला या सुत्ताचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

त्याच निकायाच्या छक्कनिपातात एक ब्राह्मण भगवंतांकडे येतो. मनुष्य स्वतः काही करत नाही आणि दुसराही काही करत नाही, असे आपले मत तो मांडतो. भगवंतांचे उत्तर साधे आहे. जो स्वतःच्या पायांनी येथवर चालत आला आणि स्वतःच परत जाणार आहे, तो असे कसे म्हणू शकतो? या संवादात भगवंत प्रयत्नाच्या धातूंचा उल्लेख करतात. त्यांतील पहिले तीन आरंभधातू, निक्कमधातू आणि परक्कमधातू हे होत. संयुत्तनिकायात हेच तीन धातू वीर्यसंबोध्यंगाचा आहार म्हणून सांगितले आहेत. आचार्य बुद्धघोषांनी त्यांचा उलगडा असा केला आहे : आरंभ म्हणजे पहिला प्रयत्न. निष्क्रम म्हणजे आळसातून बाहेर पडल्यामुळे अधिक बलवान झालेला प्रयत्न. पराक्रम म्हणजे एकेक पुढचे स्थान आक्रमीत गेल्यामुळे त्याहूनही बलवान झालेला प्रयत्न. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पहिल्या पावलास मोठ्या बळाची अट नाही. बळ चालण्यातून वाढत जाते.

मग पहिले पाऊल अडते कोठे? अट्ठकनिपातात आळसाचे आठ प्रसंग सांगितले आहेत. काम करावयाचे आहे, शरीर थकेल, म्हणून भिक्षू आडवा होतो. काम झाले आहे, शरीर थकले, म्हणूनही आडवा होतो. प्रवासास निघावयाचे आहे, प्रवास संपला आहे. भिक्षा अपुरी मिळाली, भिक्षा पोटभर मिळाली. थोडे आजारपण आले, नुकतेच आजारपण गेले. प्रत्येक वेळी निमित्त निराळे, परंतु निष्कर्ष एकच. या सुत्ताचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. तेथे हेच आठ प्रसंग वीर्यारंभाचे म्हणून पुन्हा येतात. पोट रिकामे आहे तर शरीर हलके आहे. आजार वाढण्याचा संभव आहे, म्हणून आताच प्रयत्न करावा. परिस्थिती तीच राहते, तिच्यावरून काढलेले अनुमान तेवढे बदलते.

मात्र शरीराचे म्हणणे पाली परंपरेने कधी धुडकावले नाही. महामोग्गल्लान थेर मगधातील कल्लवालमुत्त गावी ध्यानास बसले असता त्यांना डुलक्या येऊ लागल्या. भगवंतांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले. धर्माचे चिंतन करावे, पठण करावे, कानाच्या पाळ्या ओढाव्यात, अंग चोळावे, डोळ्यांवर पाणी मारून ताऱ्यांकडे पाहावे, चंक्रमण करावे. इतके करूनही झोप जात नसेल तर जागे होण्याचा संकल्प करून खुशाल झोपावे.

विनयाच्या महावग्गातील सोण कोळिविसाची कथा याच्या पुढे जाते. चंपानगरीच्या या अतिसुकुमार श्रेष्ठिपुत्राने राजगृहाच्या सीतवनात इतके चंक्रमण केले की पाय फाटून भूमी रक्ताने माखली, आणि अखेर निराश होऊन घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. वीणेच्या तारा फार ताणल्या अथवा फार सैल सोडल्या तर ती वाजत नाही, हा दृष्टान्त भगवंतांनी त्याला दिला तो सर्वश्रुत आहे. परंतु कथेचा शेवट सहसा सांगितला जात नाही. भगवंतांनी सोणास एकेरी तळाची पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. संपूर्ण संघास ती मिळत असेल तरच आपण घेऊ, असे सोणाने म्हटले आणि तो नियम सर्वांसाठी झाला. केवळ उपदेश करून न थांबता चालणाऱ्याच्या पायांची व्यवस्था संघाने केली, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

गृहस्थांच्या बाबतीतही हीच दृष्टी दिसते. कोळियांच्या कक्करपत्त नगरात दीघजाणूला ऐहिक हिताच्या चार गोष्टी सांगताना भगवंतांनी उट्ठानसंपदेस, म्हणजे उद्योगशीलतेस, पहिले स्थान दिले. शेती, व्यापार, गोपालन किंवा कोणतेही शिल्प असो, त्यात दक्ष असावे, असे तेथे म्हटले आहे. कोणते काम कोणत्या वर्णाचे, याचा तेथे उल्लेखही नाही.

हा विचार ग्रंथांपुरता राहिला नाही, याचा पुरावा शिलालेख देतात. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या लघुशिलालेखात एक प्रांजळ कबुली दिली आहे. अडीच वर्षांहून अधिक काळ आपण उपासक आहोत, परंतु प्रारंभी वर्षभर आपल्या हातून मोठा पराक्रम झाला नाही. संघाच्या सान्निध्यात आल्यावर मात्र तो झाला. हे फळ केवळ थोरांसाठी नाही, लहान मनुष्यालाही पराक्रमाने ते मिळते, असे तो पुढे सांगतो. धौली येथील स्वतंत्र लेखात तर तोसलीच्या महामात्रांना आळस आणि थकवा यांविषयी ताकीद आहे. या दोषांनी न्याय बिघडतो आणि माणसे विनाकारण बंधनात पडतात, ही त्यामागील चिंता होय. सत्ताधाऱ्याचा आळस दुसऱ्याला भोगावा लागतो, हे येथे स्पष्ट होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली जातिसंस्थेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात या प्रश्नाची आणखी एक बाजू मांडली. ज्या धंद्यात मनुष्याचे मन नाही आणि जो जन्मामुळे त्याच्यावर लादला गेला आहे, तो त्याच्यात तिटकारा आणि काम टाळण्याची वृत्ती निर्माण करतो, असे त्यांचे विवेचन आहे. म्हणजे ज्याला स्वभावदोष म्हटले जाते, तो पुष्कळदा व्यवस्थेचा दोष असतो. परंतु त्यांनी हे कारण सबब म्हणून कधी स्वीकारले नाही. 1957 साली त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, हाती घेतलेले कार्य मागे न वळता सर्व सामर्थ्यानिशी करणे, असा वीर्य पारमितेचा अर्थ त्यांनी दिला आहे.

या विवेचनातून आजच्या उपासकाने दोन गोष्टी घ्याव्यात असे वाटते. नशिबाची भाषा मनातून गेल्याशिवाय आरंभ होत नाही. आणि आरंभासाठी योग्य वेळेची वाट पाहणे हेच आळसाच्या आठ प्रसंगांचे सार आहे. त्याचबरोबर, जो विद्यार्थी दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडतो, त्याला वीर्याचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्यासाठी दिवा, जागा आणि ग्रंथ यांची सोय विहाराने केली पाहिजे. सोणाच्या पादत्राणांचा अर्थ तोच आहे.