शनिवारी दुपारी तीन ते सोमवारी साडेअकरा

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८
अमेरिकेत एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा धाडला. येत्या काही दिवसांत कुठल्यातरी बँकेची बनावट कार्डं वापरून जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसले जातील, असा त्याचा आशय. बँक कोणती, हे त्यात नव्हतं.

पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेली कॉसमॉस ही १९०६ सालची सहकारी बँक. उद्या दुसरा शनिवार, म्हणजे सुट्टी. त्यात आषाढी अमावास्या, अर्थात गटारी, आणि परवापासून श्रावण. चोरांनी पंचांग पाहिलं असेल असं नाही, पण मुहूर्त मात्र चोख साधला.

शनिवार, दुपारी ३
पोलिसांकडच्या फिर्यादीत सुरुवात या वेळेपासून आहे. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या एटीएम स्विचकडे येते. स्विच ती कोअर बँकिंगकडे पुढे पाठवतो. खातं आहे का, पिन बरोबर आहे का, शिल्लक किती, हे तिथे तपासलं जातं आणि मग होकार किंवा नकार परत जातो. त्या दुपारी मालवेअरच्या मदतीने उभा केलेला एक बनावट स्विच मध्येच बसला होता. येईल त्या विचारणेला तो परस्पर ‘द्या’ म्हणत होता. कोअर बँकिंगला काही कळायचं कारणच नव्हतं, कारण तिला कोणी विचारतच नव्हतं. ग्राहकांच्या खात्यातून पैसे गेले नाहीत असं बँक पुढे सांगत राहिली, ते याच अर्थाने खरं होतं. पैसा बँकेचा गेला.

शनिवार, दुपार ते रात्री १०
२८ देशांत माणसं एटीएमपुढे उभी होती. व्हिसा कार्डांवर सुमारे १२,००० व्यवहार झाले आणि ७८ कोटी गेले. भारतात रुपेवर २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी. एकाच बँकेच्या कार्डांवर पुन्हा पुन्हा पैसे निघताहेत, हे विचित्र आहे एवढं लक्षात आलं आणि बँकेने व्हिसा-रुपेची पेमेंट व्यवस्था बंद केली. तोवर ८०.५० कोटी गेलेले.

इथे जरा थांबायला हवं, कारण नेटवर्क सांभाळणाऱ्यांचा जुना वाद इथेच येतो. घुसखोरी टिपणारी यंत्रणा, म्हणजे आयडीएस, बहुतेक ठिकाणी नुसती शिट्टी वाजवणारा वॉचमन असते. फाटकाची किल्ली नेटवर्क अ‍ॅक्सेस कंट्रोलकडे, ज्याला ही मंडळी ‘नॅक’ म्हणतात. दोघांना जोडलं तर आयडीएसचा अलर्ट नॅककडे जातो, नॅक त्या मशीनचा पोर्ट शोधतो आणि तिला क्वारंटाइनच्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्याच्या वेगळ्या काढलेल्या भागात, ढकलतो. कोणाला फोन करून उठवावं लागत नाही. काम काही सेकंदांचं.

कागदावर. आयडीएस नॅकच्या बाहेरचा असेल तर त्याच्याकडे असतो फक्त आयपी पत्ता. तो पत्ता या क्षणी कोणत्या मॅकचा, म्हणजे कोणत्या नेटवर्क कार्डाचा, आणि कोणत्या पोर्टवरचा, हे नॅकला जुळवावं लागतं. मधल्या वेळात आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने तो दुसऱ्याला दिला असेल तर भलत्याच टेबलावरचा संगणक तुटतो. शिवाय नॅक लावला जातो तो कर्मचाऱ्यांच्या मशीनना आणि वायफायला. सर्व्हरना सहसा सूट असते. ‘एटीएम स्विच आपोआप तुटला तर?’ या प्रश्नावर बैठक तिथेच संपते. भीती खोटी नाही, सुट्टीच्या दिवशी खोट्या अलर्टवर राज्यभरची एटीएम बंद पडली तर शिव्या आयटीलाच बसतात. म्हणून अलर्टचा ईमेल होतो आणि तो सोमवारी वाचला जातो. कॉसमॉसमध्ये ही जोडणी असती तर दरोडा टळला असता, असं मी म्हणणार नाही. बनावट स्विच आतूनच, ओळखीच्या मशीनच्या आडून बोलत असेल तर नॅकला तो घरचाच वाटतो. पण पुढचे दीड दिवस वेगळे गेले असते, हे नक्की म्हणेन.

रविवार, १२ ऑगस्ट
एफबीआयच्या इशाऱ्याची बातमी अमेरिकी पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी फोडली. तोवर पुण्यातला एटीएमचा खेळ संपला होता.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११.३०
बँक उघडलेली. आत शिरलेला माणूस अजून आतच. शनिवारी कार्डांचा रस्ता बंद झाला, पण तो ज्या जाळ्यात वावरत होता ते जाळं तसंच राहिलं. आता बँका एकमेकींना पैशांचे आदेश धाडतात त्या स्विफ्टच्या यंत्रणेतून तीन संदेश सुटले, हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एएलएम ट्रेडिंग लिमिटेडच्या खात्यावर. रक्कम १३.९२ कोटी. फेब्रुवारीत तमिळनाडूच्या सिटी युनियन बँकेतही तीनच खोट्या स्विफ्ट संदेशांनी असाच प्रकार झाला होता. सहा महिन्यांपूर्वीचा धडा समोर असताना, शनिवारी रात्री आधी कोणतं मशीन वेगळं काढायचं याला फार डोकं लागत नव्हतं.

एकूण हिशेब ९४.४२ कोटींचा.

मंगळवार, १४ ऑगस्ट
चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला.

त्यानंतर
१९ ऑक्टोबर २०१८ ला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली. व्यापारी बँकांना ती जून २०१६ मध्येच मिळाली होती. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने या चोरीबाबत उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. तीन-चार वर्षांच्या या शिक्षा इथल्या हस्तकांना झाल्या. बनावट स्विच लिहिणारा त्यांच्यात नव्हता.