ठासणीची पिस्तुले आणि नेमबाजी : तोडा, चकमक, टोपी

ठासणीच्या पिस्तुलांची तुलना करताना प्रथम नळीकडे पाहण्याचा प्रघात आहे. नळीत आटे असतील तर नेम अचूक, नसतील तर बेभरवशाचा, असे सरधोपट विधान वारंवार केले जाते. नेमबाजाच्या दृष्टीने मात्र तितकाच महत्त्वाचा असतो तो चाप ओढणे व बार उडणे यांमधला काळ.

तोड्याची रचना सर्वांत जुनी, म्हणून सर्वांत मंद, हा समज बरोबर नाही. जपानी धाटणीच्या पिस्तुलात चाप दाबताच जळता तोडा धरलेला घोडा कमानीच्या जोराने खाली येतो व रंजक तत्काळ पेटते. चकमकीच्या पिस्तुलात आधी गारगोटी पोलादावर घासते, मग ठिणग्या रंजकावर पडतात, त्यानंतर कानातून आग आत शिरते. तेवढ्या अवधीत हात हलतो. रंजक जास्त भरले म्हणजे बार लवकर उडेल, ही नवशिक्याची समजूत. कान बुजला तर उलट उशीरच होतो.

या जपानी रचनेचा धागा गोव्यापर्यंत येतो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतले आणि १५४३ च्या सुमारास त्यांच्याबरोबर बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचली. तेथील कमानीच्या घोड्याचे मूळ गोव्याच्या शस्त्र-कारखान्यांत असावे, असे काही अभ्यासक मानतात. या मताची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, हे खटकते.

अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूच्या रचनेचे पेटंट घेतले. रंजकाचा भडका दिसताच पाखरे उडून जात, ही त्याची शिकाऱ्याची अडचण होती. पुढे तांब्याची टोपी आली आणि वारा-पावसाची धास्ती बरीच कमी झाली.

द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांत आट्यांचा प्रश्न तंत्रापेक्षा शिष्टाचाराचा होता. इंग्लंडमध्ये गुळगुळीत नळी सभ्य मानली जाई. फ्रेंच व जर्मन कारागीर आटे पाडीत. तरीही १८०४ मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन व बर यांच्या द्वंद्वात वापरलेल्या लंडनच्या पिस्तुलांत अतिहलक्या चापाची छुपी सोय होती.

१९७१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ठासणी-नेमबाजी समितीने हा भेद स्पर्धांतच मान्य केला. तोड्यासाठी तांझुत्सू, गुळगुळीत नळीच्या चकमकीसाठी कोमिनाझ्झो, टोपीसाठी कुखेनरॉयटर अशा २५ मीटरच्या स्वतंत्र स्पर्धा आहेत. तीस मिनिटांत तेरा बार व त्यांतील उत्तम दहा गणले जातात. हे गुण इतिहासाचा पुरावा म्हणून वापरताना सावध राहावे लागते. आजचा नेमबाज दारू मोजून, बेताचीच भरतो, गोळी निवडून घेतो आणि नळी वरचेवर पुसतो. घोड्यावर बसलेल्या स्वाराला यांतले काहीच शक्य नव्हते.